‘आपल्या खानदानाचं रक्त’ म्हणजे नेमकं काय?

रिश्ता ठरवायला वडीलधारी मंडळी बसली की मुलाचं शिक्षण, नोकरी, घर हे विषय पहिल्या दहा मिनिटांत संपतात. मग खरी चौकशी सुरू होते. खानदान कुठलं? बिरादरी कोणती? ननिहाल कोणाचं? ‘बाकी सब ठीक है, खून साफ होना चाहिए’, असं कुणीतरी म्हणतंच. सय्यद घराणं शेखांकडे मुलगी देताना विचारात पडतं आणि शेख घराणं अन्सारींकडे देताना. मदनपुऱ्यातल्या विणकरांची चौथी पिढी डॉक्टर-इंजिनिअर झाली, तरी अशा बैठकीत ते ‘जुलाहे’च राहतात. हे सगळं कोण करतं? ज्यांच्या पैगंबरांनी अखेरच्या हजच्या वेळी अरबाला अरबेतरावर कसलंही श्रेष्ठत्व नाही असं बजावून ठेवलं आहे, ते आपण.

पण हे फक्त मुसलमानांत चालतं असं समजून कुणी खूश होऊ नये. मी लालबागच्या चाळीत वाढलो. ‘सय्यद’ आणि ‘अन्सारी’ हे शब्द घरात जितक्या वेळा ऐकले, तितक्याच वेळा ‘शहाण्णव कुळी’ आणि ‘पोटजात’ हे शब्द जिन्यात आणि गॅलरीत ऐकले. वधू-वर सूचक मंडळांच्या फॉर्ममध्ये आजही जात, पोटजात, कूळ यांचे रकाने असतात आणि ते रिकामे सोडलेले चालत नाहीत. शब्द वेगळे, समज मात्र एकच: रक्त हा एक सीलबंद डबा आहे, तो पणजोबांनी आजोबांना दिला, आजोबांनी वडिलांना, आणि आपलं काम एवढंच की सील न फोडता तो पुढे द्यायचा.

माझं म्हणणं असं की हा डबा प्रत्येक पिढीत फुटतो. फोडणारा कुणी परका नसतो, आपलंच शरीर तो फोडतं. आणि तो बंद ठेवण्याची जितकी धडपड करावी, तितकं नुकसान आपल्याच मुलांच्या पदरात पडतं. हे समजून घ्यायला दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकापलीकडे फार जावं लागत नाही. आणि दाखल्यासाठी परळपलीकडे तर जवळजवळ जावंच लागत नाही.

आधी पुस्तकातला भाग. आपल्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र अम्मीकडून आलेलं, एक अब्बांकडून. शरीर वाढतं, जखम भरते, तेव्हा पेशी या सगळ्याची हुबेहूब नक्कल करून दोन होतात. पण शुक्रपेशी किंवा अंडपेशी तयार व्हायची असेल तर ऐवज निम्मा करावा लागतो, नाहीतर दर पिढीला गुणसूत्रं दुप्पट होत जातील. या निम्मं करण्याच्या क्रियेला शाळेत आपण अर्धगुणसूत्री विभाजन म्हणून शिकलो. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरलो.

आता आपल्याला वाटेल की वाटणी सोपी आहे. प्रत्येक जोडीतून एक गुणसूत्र उचलायचं, दादांचं नाहीतर दादींचं, आणि पुढे द्यायचं. शरीर तसं करत नाही. उचलण्याआधी जोडीतली दोन्ही गुणसूत्रं एकमेकांना लागून, टोकाला टोक जुळवून उभी राहतात. मग पेशी स्वतःच्याच डीएनएला शंभराहून अधिक ठिकाणी काप देते. चुकून नव्हे, त्या कामासाठी ठेवलेल्या प्रथिनाकडून मुद्दाम. यातले बहुतेक काप नुसते सांधले जातात. पण काही ठिकाणी सांधताना टोकांची अदलाबदल होते. दादांच्या गुणसूत्राचा तुकडा दादींच्या गुणसूत्राला जोडला जातो आणि दादींचा दादांच्या. यालाच क्रॉसिंग ओव्हर म्हणतात. १९०९ साली बेल्जियमच्या यान्सेन्स यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या गुणसूत्रांच्या फुल्यांवरून असं काही होत असावं असं मांडलं. पुढे मॉर्गन यांनी फळमाशीवर त्याचा माग काढला. १९३१ साली हॅरिएट क्राइटन आणि बार्बरा मॅकक्लिंटॉक या दोन बायकांनी मक्याच्या गुणसूत्रांत ही अदलाबदल प्रत्यक्ष होते हे दाखवून दिलं.

म्हणजे अब्बांनी तुम्हाला दिलेलं पहिल्या क्रमांकाचं गुणसूत्र दादांचं नाही आणि दादींचंही नाही. काही अंतर दादांचं, मग दादींचं, मग पुन्हा दादांचं असं ते जोडकाम आहे. ते तसंच्या तसं त्याआधी कुणाच्याही शरीरात नव्हतं. एका शुक्रपेशीत अशा सरासरी २५-२६ अदलाबदली झालेल्या असतात, अंडपेशीत ४० च्या वर. एकाच आईबापाची दोन भावंडं एकमेकांसारखी दिसूनही वेगळी असतात, त्याचं एक कारण हे आहे.

यातली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. पुरुषात ही क्रिया वयात आल्यावर सुरू होते आणि चालू राहते. बाईच्या बाबतीत मात्र ती जन्माआधीच होते. तुमची अम्मी तिच्या आईच्या पोटात होती, तेव्हाच तिच्या अंडपेशींमध्ये नाना आणि नानींच्या गुणसूत्रांची अदलाबदल उरकली होती. मग त्या पेशी तशाच थांबल्या, वीस वर्षं, तीस वर्षं, तुमची वेळ येईपर्यंत. ज्या नानीचं नाव आपल्या शजऱ्यात, म्हणजे वंशावळीत, लिहायची पद्धतच नाही, तिच्या पोटात तुमच्यातल्या निम्म्या ऐवजाची मांडणी ठरली.

आणि ही अदलाबदल म्हणजे निसर्गाची हौस नाही. वाटणी नीट होण्यासाठीच ती लागते. ज्या ठिकाणी तुकडे बदलले गेले, त्याच ठिकाणी जोडीतली दोन गुणसूत्रं एकमेकांना धरून राहतात. ती पकड असते म्हणून वाटणीच्या वेळी एक इकडे आणि एक तिकडे ओढलं जातं. पकड नसली किंवा भलत्याच जागी असली, तर दोन्ही गुणसूत्रं एकाच पेशीत जाऊ शकतात. एकविसाव्या क्रमांकाच्या बाबतीत असं झालं की मूल तीन प्रती घेऊन जन्माला येतं. त्याला आपण डाउन सिंड्रोम म्हणतो. बहुतेक वेळा ही गफलत अंडपेशी तयार होताना झालेली असते आणि वय वाढतं तशी ती पकड सैल होत जाते. असं मूल झाल्यावर ‘गरोदरपणात काहीतरी खाल्लं असेल’, ‘ग्रहणात बाहेर पडली असेल’, ‘हिच्याच माहेरचं खोट’, असं ऐकवणाऱ्या घरांना एवढंच सांगायचं आहे: ज्या घटनेत याचं मूळ असू शकतं, ती घडली तेव्हा ती बाई स्वतः जन्मलेलीसुद्धा नव्हती.

आता शजऱ्याचा हिशेब करू. दोन आईबाप, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा. असं करत दहा पिढ्या मागे गेलात की वंशावळीत १०२४ जागा भराव्या लागतात. पण दर पिढीत होणाऱ्या अदलाबदली मर्यादित असतात, त्यामुळे तुमचा डीएनए त्या पिढीपर्यंत मागे नेला तर त्याचे साधारण सहा-साडेसहाशेच तुकडे पडतात. १०२४ जणांत सहाशे तुकडे, तेही समान वाटलेले नाहीत. कुणाच्या वाट्याला दोन-तीन, कुणाच्या वाट्याला एकही नाही. दहा-अकरा पिढ्यांमागच्या साधारण निम्म्या पूर्वजांचा एकही तुकडा तुमच्यात नसतो. ते तुमचे पूर्वज नक्की असतात, पण त्यांच्या ‘रक्ता’चा थेंबही तुमच्यात उरलेला नसतो. पिढ्यांची संख्या वाढवा, न उरलेल्यांचं प्रमाण झपाट्याने वाढत जातं.

यावर एक प्रतिवाद नेहमी येतो. ‘पण वाय गुणसूत्र तर बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं ना?’ जातं. वाय गुणसूत्राचा मोठा भाग या अदलाबदलीत भाग घेत नाही, म्हणून पुरुषांची वंशरेषा त्यावरून शोधता येते. पण माणसाकडे वीस हजारांच्या आसपास जनुकं आहेत आणि वायवर त्यातली जेमतेम शंभराच्या आसपास. १०२४ पूर्वजांपैकी एकाच्या या लहानशा तुकड्यावर ज्याला घराण्याचा अभिमान उभा करायचा असेल त्याने खुशाल करावा. फक्त उरलेल्या १०२३ जणांचं काय करायचं तेही सांगावं. आणि मुलीकडे तर वाय जातच नाही. मग जिच्या लग्नासाठी एवढी ‘हड्डी’ तपासली जाते, तिच्यात त्या अभिमानाचं नेमकं काय असतं?

आता परळला येऊ. रक्त म्हणजे काय याबद्दलचा आपल्या शहराचा सगळ्यात मोठा धडा तिथेच सापडला. १९५२ साली केईएम हॉस्पिटल आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातले डॉ. वाय. एम. भेंडे यांनी सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांबरोबर ‘लॅन्सेट’मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. मुंबईतल्या काही जणांचं रक्त नेहमीच्या तपासणीत ओ गटाचं वाटत होतं. पण त्यांना ओ गटाचं रक्तही चालत नव्हतं. जगात तोवर नोंद नसलेला हा गट होता. त्याला नाव पडलं बॉम्बे ब्लड ग्रुप. १९९५ मध्ये शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं नाही बदललं.

याचं गणित असं आहे. ए किंवा बी ही लाल पेशींवर टांगलेली वस्तू समजा. ती टांगायला आधी एक खुंटी लागते. त्या खुंटीला एच म्हणतात. ओ गटाच्या माणसाकडे खुंटी असते, तिच्यावर काही टांगलेलं नसतं. बॉम्बे गटाच्या माणसाकडे खुंटीच नसते. त्याच्यात ए किंवा बी चं जनुक असलं, तरी टांगायला जागा नसल्याने ते दिसत नाही. आणि त्याच्या शरीराला ती खुंटीच परकी असल्यामुळे त्याला दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाचंच रक्त चालतं. आपल्या देशात असा माणूस साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक सांगितला जातो.

आता यातला आपल्या विषयाशी भिडणारा भाग. खुंटीचं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे आणि ए-बी-ओ चं नवव्यावर. दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी मुलाकडे जातात. बॉम्बे गटाच्या बाईत लपलेलं बी तिच्या मुलाला मिळतं आणि बापाकडून त्याला खुंटी मिळते. मग कागदावर आई ओ, बाप ओ आणि मूल बी. १९५५ साली अमेरिकेत लेव्हाइन यांनी एका कुटुंबात लपलेलं बी असं पुढच्या पिढीत वर येतं हे दाखवून दिलं. आपल्याकडे मात्र असा रिपोर्ट हातात आला की घरात कुजबुज सुरू होते आणि बोट एकाच व्यक्तीकडे जातं. बॉम्बे गट दुर्मीळ आहे, हे खरं. पण चुकीचा रिपोर्ट दुर्मीळ नाही. रक्तगट जुळत नाही म्हणून बायकोवर संशय घेणारा नवरा मी पाहिला आहे. पुन्हा तपासल्यावर नवऱ्याचाच जुना रिपोर्ट चुकलेला निघाला. संशय घ्यायला घरच्यांना एक संध्याकाळ पुरली होती. पुन्हा तपासणी करायला मात्र चार महिने लागले.

खुंटीच्या जनुकाला एक शेजारी आहे. लाळेत आणि इतर स्रावांत ही खुंटी तयार करणारं दुसरं जनुक त्याच एकोणिसाव्या गुणसूत्रावर, अवघ्या पस्तीस हजार अक्षरांच्या अंतरावर आहे. पस्तीस हजार हा आकडा मोठा वाटतो, पण हे गुणसूत्र सुमारे सहा कोटी अक्षरांचं आहे. लालबागच्या चाळीतल्या दोन लागून असलेल्या खोल्यांइतकं हे अंतर. आणि क्रॉसिंग ओव्हरचा नियम असा की दोन जनुकं जितकी जवळ, तितकी कात्री नेमकी त्यांच्यामध्ये चालण्याची शक्यता कमी. सरासरी धरली तर या दोघांची ताटातूट काही हजार वेळांत एकदा होईल. १९९० च्या दशकात भारतीय बॉम्बे गटाच्या माणसांची जनुकं तपासली, तेव्हा अनेकांत एकच जोडी सापडली. पहिल्या जनुकात तोच एक बिघाड, आणि शेजारचं दुसरं जनुक गायब. दोन्ही दोष हातात हात घालून पिढ्यान् पिढ्या चालत आलेले. म्हणजे ही माणसं एकमेकांना ओळखत नसली, आडनावं निराळी असली, तरी तो छोटा तुकडा त्यांना बहुधा एकाच जुन्या पूर्वजाकडून मिळालेला आहे. रक्ताचं नातं शोधायचंच असेल तर ते असं, तुकड्यांत सापडतं. शजऱ्यात नाही.

हाच नियम घड्याळासारखाही वापरता येतो. दोन लोकसमूह मिसळले की पहिल्या काही पिढ्यांत दोघांचे तुकडे लांबलचक असतात. मग दर पिढीची कात्री त्यांना लहान करत जाते. आज तुकडे किती लहान आहेत हे मोजलं की मिसळ कधी झाली हे काढता येतं. हैदराबादची सीसीएमबी आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१३ साली हे मोजलं आणि सांगितलं की भारतातले आजचे बहुतेक समूह साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात झालेल्या मोठ्या मिसळीतून बनले आहेत. ब्राह्मण असोत, दलित असोत, आदिवासी असोत, प्रमाण कमी-जास्त, पण मिसळ जवळपास सगळ्यांत आहे. त्यानंतर दारं बंद होत गेली आणि प्रत्येक जण आपापल्या जातीत लग्न करू लागला. म्हणजे ‘शुद्धता’ ही मिसळीनंतर सुचलेली कल्पना आहे. आपण भारतीय मुसलमान याच मातीतले. मोजक्या घराण्यांचा अपवाद सोडला तर आपले बहुतेक पूर्वज इथलेच, आणि आपण इथली दारं बंद करण्याची सवयही सोबत घेऊन आलो.

बंद दाराची किंमत किती? २०१७ साली दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक गटांचा असाच अभ्यास झाला. त्यातल्या ८१ गटांत मोजक्या पूर्वजांपासून वाढल्याची खूण फिनलंडचे लोक किंवा अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही ठळक निघाली. या दोन्ही समाजांत विशिष्ट आनुवंशिक आजार जास्त आढळतात आणि त्यावर जगभर काम झालं आहे. आपल्याकडे त्याहून जास्त धोका असलेले गट आहेत, काहींची लोकसंख्या दहा लाखांच्या वर आहे, आणि आपण अजून ‘खून साफ’ आहे का एवढंच विचारतो. परळमध्ये या प्रश्नावर फार आधी काम सुरू झालं होतं. डॉ. वसंत खानोलकर आणि एल. डी. संघवी यांनी १९५० साली मुंबईतल्या सहा अंतर्विवाही गटांच्या आनुवंशिक लक्षणांवर लिहिलं. १९५६ साली संघवी आणि सहकाऱ्यांनी शहरातल्या बारा गटांत नात्यातली लग्नं किती होतात याची मोजणी प्रसिद्ध केली. १९५७ साली केईएमच्या आवारात रक्तगटांसाठी जे केंद्र सुरू झालं, तेच पुढे राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था झालं आणि भेंड्यांचे सहकारी भाटिया त्याचे संचालक झाले. सत्तर वर्षं हे ज्ञान आपल्या शेजारी आहे. ते चाळीत आणि मोहल्ल्यात पोचलं नाही.

आता नात्यातल्या लग्नांबद्दल सरळ बोलू, कारण इथे आपले लोक दोनपैकी एक काहीतरी करतात. एक तर ‘शरियतमध्ये जायज आहे’ म्हणून विषय संपवतात, नाहीतर कुणी बाहेरचा टोमणा मारतो तेव्हा मान खाली घालतात. दोन्हीची गरज नाही. जायज म्हणजे परवानगी, हुकूम नव्हे. आणि टोमणा मारणाऱ्यांनी आपल्या घरातली लग्नं आठवावीत. मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रात अनेक हिंदू जातींत आहे, आणि अनेक घरांत तो मानाचा हक्क समजला जातो. चाचाची मुलगी असो की मामाची, जनुकांचा हिशेब तोच.

तो हिशेब असा. सख्ख्या चुलत-मावस-आते-मामे भावंडांमध्ये सरासरी एक अष्टमांश डीएनए समान असतो. त्यांच्या मुलाला सरासरी एक सोळांश ठिकाणी दोन्हीकडून एकच तुकडा येतो. कात्रीने तुकडे अजून फार बारीक केलेले नसतात, म्हणून हे तुकडे लांब असतात आणि त्यात लपलेला दोष असला तर तोही दोन्हीकडून येतो. बॉम्बे गटाच्या माणसाकडे तरी दुसरं काय असतं? खुंटीचं बिघडलेलं जनुक आईकडूनही आलं आणि बापाकडूनही. कुठल्याही जोडप्याच्या मुलात गंभीर जन्मजात दोषाची शक्यता दोन-तीन टक्के असते. सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या लग्नात ती साधारण दुप्पट होते. म्हणजे शंभरातली चौऱ्याण्णव-पंचाण्णव मुलं ठणठणीत असतात. ‘आमच्या घरात तीन पिढ्या अशीच लग्नं झाली, काही झालं नाही’, असं म्हणणारे म्हणूनच खोटं बोलत नसतात. पण ज्या घरात झालं, त्या घरात ते शंभर टक्के असतं. आणि पिढ्यान् पिढ्या त्याच घरांत लग्नं होत गेली तर आकडा या हिशेबापेक्षा वर जातो.

थॅलेसेमियाचं घ्या. आपल्या देशात शंभरात तीन-चार माणसं त्याची वाहक असतात. वाहक असणं हा आजार नाही, त्या माणसाला बहुधा पत्ताही नसतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता की मूल आयुष्यभर महिन्याला-पंधरा दिवसांना रक्तावर जगेल. त्यावरचा कायमचा उपाय म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. असं देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९८३ साली परळच्याच टाटा मेमोरियलमध्ये झालं, कर्करोगाच्या एका लहान मुलीवर. त्यासाठी दाता जुळावा लागतो, आणि सख्खं भावंडं जुळण्याची शक्यता चारात एक का, याचंही उत्तर क्रॉसिंग ओव्हरमध्येच आहे. जुळणी ठरवणारी जनुकं सहाव्या गुणसूत्रावर दाटीने बसलेली आहेत, कात्री त्यांच्यामध्ये क्वचितच चालते, म्हणून तो सगळा गठ्ठा आईबापांकडून एकत्र येतो. पण प्रत्यारोपण महाग, दाता मिळेलच असं नाही. त्यामानाने वाहक आहे की नाही हे सांगणारी रक्ततपासणी अगदी साधी आणि स्वस्त आहे.

म्हणून माझी मागणी लहान आहे. जमातीने आणि वधू-वर मंडळांनी शजरा आणि पोटजातीच्या रकान्याशेजारी थॅलेसेमिया तपासणीचा एक रकाना ठेवावा. तपासणी मंगनीच्या आधी व्हावी, हॉल बुक झाल्यावर नव्हे, म्हणजे कुणाची बेइज्जती होणार नाही आणि निर्णय शांतपणे घेता येईल. तपासणी मुलाची आधी व्हावी. तो वाहक नसेल तर मुलीला या एका कारणासाठी तपासायची गरजच उरत नाही, आणि ‘मुलीत दोष’ ही आपली आवडती पळवाटही बंद होते. नात्यात लग्न करायचंच असेल तर जोडप्याने आधी आनुवंशिकतेच्या डॉक्टरांशी बोलावं. घरात कुणाचा बॉम्बे गट निघाला तर भावंडांनीही तपासून घ्यावं, कारण चारात एक तरी तोच गट असण्याची शक्यता असते आणि अडचणीच्या वेळी तेच कामाला येतं. आणि रक्तगटाच्या कागदावरून कुणाच्या चारित्र्याचा निकाल लावू नये.

इथे एक खुलासा करतो. गुणसूत्रं मिसळतात म्हणून माणसांनीही मिसळलंच पाहिजे, असा युक्तिवाद मी करत नाही. पेशीत काय घडतं त्यावरून कुणी कुणाशी लग्न करावं हे ठरत नाही. ते दोन माणसांच्या मर्जीने ठरावं. माझा आक्षेप फक्त त्या कारणाला आहे, जे आपण लग्न मोडताना तोंडावर फेकतो. ‘आमच्या खानदानाचं रक्त’ असं म्हणून मुलीचं मन मारायचं असेल, अन्सारी मुलाला दारातून परत पाठवायचं असेल, किंवा दोन जीवांवर धर्म-जातीची टोळी सोडायची असेल, तर निदान त्याला विज्ञानाचं किंवा निसर्गाचं नाव देऊ नका. ते फक्त आपल्या अहंकाराचं काम आहे, आणि त्याची सही आपल्यालाच करावी लागेल.

कुठल्याही खानदानाचं रक्त आजवर कुणीही जसंच्या तसं पुढे दिलेलं नाही, देऊ शकतही नाही. पुढच्या वेळी रिश्त्याच्या बैठकीत कुणी ‘खून साफ है क्या’ असं विचारलं, तर रागावू नका. शांतपणे म्हणा, ‘साफ आहे की नाही माहीत नाही, पण तपासलंय. तुमचा रिपोर्ट कुठे आहे?’